बारा वाजून सात मिनिटं

दौंड, २१ सप्टेंबर १९७५

आबा,

जयभीम. चार वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नका, कुणी मेलेलं नाही. माझी नोकरी शाबूत आहे, रेल्वे चाळीतली खोली आहे, तब्येत बरी आहे. काम निघालं म्हणून लिहितो.

हे पत्र तुम्हाला साळूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तुम्हाला अक्षरओळख नाही आणि अख्ख्या आळीची पत्रं तीच वाचते. तेव्हा वाचणारीला विनंती की काही गाळू नये आणि पदरचं काही घालू नये. नवराबायकोचं जे असेल ते असेल. हा कागद बापाला आहे.

काम असं की मी भिक्खू व्हायचं म्हणतोय.

हसून घ्या. हसून झालं की पुढचं ऐका. आमच्या इथल्या विहारात वर्षभर एक भन्ते येऊन राहतायत, भंडाऱ्याकडचे. रविवारी मी तिथं जाऊन बसतो. त्यांना मी विचारलं, मला जमेल का? ते म्हणाले, जमेल का ते नंतर बघू, आधी प्रश्नांची उत्तरं दे. भिक्खू होणाऱ्याला पूर्वीपासून काही ठरलेले प्रश्न विचारतात म्हणे. तू माणूस आहेस का, हा पहिला. मी हो म्हणालो. (साळूचं मत वेगळं असू शकतं.) मग पुरुष आहेस का, काही मोठं दुखणं नाही ना, सरकारी चाकरीत नाहीस ना. चाकरीचा राजीनामा देता येतो. शेवटचा प्रश्न, आईबापाची परवानगी आहे का. तिथं मी अडलो. आई तर नाहीच. छत्तीस वर्षांचा घोडा, मिशीत पांढरे केस, आणि बापाची चिठ्ठी आण म्हणतात! वर भन्ते म्हणाले, बायको जिवंत आहे ना, मग तिचीही आण. ती पुस्तकात आहे की त्यांनी स्वतःची घातली, मी विचारलं नाही.

म्हणून एका कागदावर मजकूर लिहून सोबत पाठवतोय. खाली तुमचा अंगठा आणि साळूची सही एवढंच हवं. पाकीट तिकीट लावून आत ठेवलंय, म्हणजे पोस्टात जायलाही कुणाला त्रास नको.

का, असं विचाराल. रागानं नाही. वैतागूनही नाही. आबा, मी एकदाच जेवतो, कारण दोनदा रांधायचा कंटाळा. चटईवर झोपतो. कुणाशी बोलत नाही, माझ्याशीही कुणी बोलत नाही. निम्मा भिक्खू मी झालेलोच आहे, चीवर तेवढं अंगावर घ्यायचं राहिलंय. मग ते तरी का राहू द्यावं?

यवतच्या स्टँडवर तुम्ही मला म्हणाला होतात, “तिला न्यायला ये. तवर तोंड दावू नगंस.” मी न्यायला आलो नाही. तोंडही दाखवलं नाही. दोनातलं एक तरी तुमचं ऐकलं, एवढं ध्यानात घेऊन अंगठा द्यावा.

तुमचा,
ज्ञानदेव

दौंड, २ नोव्हेंबर १९७५

आबा,

सहा आठवडे झाले. टपालखात्याला दोष देत नाही. हल्ली तर सगळं वेळेवर चालवायचा वरून हुकूम आहे. गाड्यासुद्धा वेळेवर येतात, त्यामुळं आमच्या शेडमध्ये माणसं बावरून गेलीयत. मी टाइमकीपर. कुठला ड्रायव्हर किती वाजता हजर झाला, कुठलं इंजिन किती वाजता शेडबाहेर पडलं, एवढं लिहायचं. बारा वर्षांत माझ्या वहीत एक मिनिट इकडचं तिकडं झालेलं नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढं उपयोगी पडेल म्हणून सांगतोय.

कागद आला नाही म्हणजे साळूनं अडवलाय, असं मी धरून चालतो. तेव्हा तिच्याबद्दल दोन शब्द लिहितो. ते तिलाच मोठ्यानं वाचावे लागतील, त्याला माझा इलाज नाही.

ती मला सोडून गेली ती चार वर्षांपूर्वी, जयंतीच्या दिवशी. माहेरी गेली असती तर चारचौघांना कळलं असतं की भांडण आहे. ती गेली सासरी, तुमच्याकडं. आता लोकांना कळेना, ही रुसून आलीय की म्हाताऱ्याची सेवा करायला. हुशारच बाई.

तिचं म्हणणं काय, तर मी तिच्याशी महिनाभर बोललो नाही. महिना नाही, तेवीस दिवस. आणि मी रागावलो नव्हतो. खरंच नव्हतो. बोलण्यासारखं काही सुचलं नाही म्हणून बोललो नाही. ती बोलायची, मी ऐकायचो. एकदा म्हणाली, “आवो, आडात तोंड घालून बोललं तर आडबी ओ देतो.” मी त्यालाही काही बोललो नाही.

जयंतीला तिनं पुरणपोळी केली होती. सकाळपासून रांधत होती. माझी ड्यूटी बाराची. ताट वाढून आलं तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती आणि शेडपर्यंत चालत पाच मिनिटं लागतात. मी घड्याळ बघितलं आणि उठलो. शिव्या दिल्या नाहीत, ताट लाथाडलं नाही. वेळ झाली, उठलो. संध्याकाळी आलो तर खोलीला कुलूप, किल्ली शेजारणीकडं. पुरणपोळ्या पण शेजारणीकडं.

बाईमाणसानं एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आताही नीटसं कळतं असं नाही. न्यायला का गेलो नाही म्हणाल, तर वाटलं, आपली आपण गेलीय, आपली आपण येईल. शेडमधून गेलेलं इंजिन शेडमध्येच परत येतं.

असो. भन्तेंनी मधला मार्ग काढलाय. तळेगाव ढमढेऱ्याला १६ तारखेपासून दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर आहे. डोकं भादरायचं, चीवर घालायचं, भिक्खूसारखं राहून बघायचं. दहा दिवसांनी चीवर परत करून घरी जायचं, किंवा पुढं चालू ठेवायचं. “दहा दिवसांपुरतं मी चालवून घेतो,” भन्ते म्हणाले. “कायमचं व्हायचं तर कागद पाहिजे.” मी रजा टाकलीय.

म्हणजे कागदाला तुमच्याकडं अजून तीन आठवडे आहेत.

ज्ञानदेव

तळेगाव ढमढेरे, २० नोव्हेंबर १९७५

आबा,

पाचवा दिवस. दुपारचं पत्र लिहायला परवानगी आहे.

आम्ही दहा जण आहोत. शाळेच्या मागं मांडव घातलाय. पहिल्या दिवशी न्हाव्यानं दहाही डोकी एका ओळीत बसवून भादरली आणि बाजारला आलेली माणसं बघायला गोळा झाली. एक म्हातारी म्हणाली, “एवढ्या सगळ्यांचं कोन गेलं रं एका दिशी?” तिला समजावून सांगेपर्यंत आमची पुरेवाट झाली.

चीवर म्हणजे नुसतं लांब कापड. गुंडी नाही, नाडा नाही. गुंडाळायची एक रीत असते. ती चुकली की चालता चालता निसटतं. यवतचा बन्सी म्हणून एक जण आहे, ढाब्यावर भट्टीसमोर उभा राहणारा, अंगानं दांडगा. त्याचं पहिल्याच वंदनेला सुटलं. माझं एकदाही सुटलं नाही.

पहाटे उठायचं. बसायचं. श्वासाकडं लक्ष द्यायचं. बाराच्या आत एकदा जेवायचं, बारा वाजून गेल्यावर दुसऱ्या दिवसाच्या उजेडापर्यंत अन्नाला शिवायचं नाही. गरजेपेक्षा जास्त बोलायचं नाही. बन्सी तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीकडं तोंड करून रडला. मी विचारलं नाही, पण त्यानं आपण होऊन सांगितलं. भूक सोसतीय म्हणाला, पण धाकटी पोरगी संध्याकाळी त्याच्या पोटावर बसून जेवते, तिला कोण घेत असेल? बाकीच्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. कुणाला बिडी आठवते, कुणाला बायको, कुणाला बैल.

मला काही आठवत नाही. मला काही जड जात नाही. मांडी दुखत नाही, भूक लागत नाही, गप्प बसायचं तर मला शिकवावंच लागलं नाही. मला वाटलं भन्ते पाठ थोपटतील. काल ते माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, “तुला काहीच कठीण जात नाही. मला तुझी काळजी वाटते.”

मी म्हणालो, “हे तर चांगलं ना, भन्ते?”

“सोडायला आधी काहीतरी धरलेलं लागतं, बाबा. तो बन्सी रोज पोरीला सोडतो आणि रोज रडतो. तू काय सोडून आलास?”

वेळ सांगायचं काम मात्र त्यांनी माझ्याकडंच दिलंय. माझं रेल्वेचं घड्याळ मांडवाच्या खांबाला टांगलंय. बाराला दहा कमी असले की मी घंटा वाजवतो आणि बाराला “भन्ते, बारा” म्हणतो. मग सगळे हात थांबतात. बन्सी माझ्याकडं असं बघतो की मीच त्याचा घास काढून घेतलाय.

एक गोष्ट मात्र लिहितो. इथली बायामाणसं, म्हातारी कोतारी, येऊन पायावर डोकं ठेवतात. मला! काल एका सत्तर वर्षांच्या बाईनं ठेवलं. मला वाटलं उठून सांगावं, आई, हा दौंडच्या लोको शेडमधला ज्ञानदेव आहे, याची बायको पळून गेलीय. पण तेही बोलायची परवानगी नाही.

कागदाचं बघा.

ज्ञानदेव

तळेगाव ढमढेरे, २२ नोव्हेंबर १९७५
(पोस्टकार्ड)

आबा, मंगळवारी २५ तारखेला आम्हा सगळ्यांना राहूला आणणार आहेत. आपल्या आळीच्या तरुण मंडळानं बोलावलंय म्हणे. पात्र हातात घेऊन दारोदार पिंडपात, आणि धम्मदेसना. माझं नाव काढा म्हणून मी भन्तेंना विनवलं. ते म्हणाले, “सगळ्या गावांना चालतोस, तुझ्याच गावाला का नाही?” हे कार्ड माझ्याआधी पोचावं. मी येतोय ते न्यायला येत नाही. पण तोंड दिसेल. रागावू नका.

ज्ञानदेव

दौंड, ३० नोव्हेंबर १९७५

साळू,

या खेपेला पत्र तुझ्या नावानं आहे. आबांना वाचून दाखवायचं की नाही ते तुझं तू ठरव.

मंगळवारी जे झालं ते तू डोळ्यांनी बघितलंस. पण मी आत काय बघत होतो ते तुला दिसलं नाही आणि तोंडानं मी काही सांगितलं नाही. ते माझं नेहमीचंच. म्हणून लिहितो.

टेम्पोला उशीर झाला. कारखान्याच्या वाटेवर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. आळीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. रांगेत मी पाचवा. पहिल्या दारातली भागुबाई भाताचं पातेलं घेऊन हात जोडून उभी होती. आणि आबा ओट्यावरून उठले.

“थांबा,” म्हणाले. “ह्या आळीत दारोदार फिरायचं न्हाई.”

मंडळाची पोरं धावली, आबा आबा करायला लागली. भन्ते शांतपणे म्हणाले, “बाबा, आम्ही मागत नाही. नुसते दारासमोर उभे राहतो. ज्याला द्यायचं तो देतो.”

“आमीबी नुस्तंच उभं ऱ्हायचो, भन्ते,” आबा म्हणाले. “पाटलाच्या दाराम्होरं. लांब, सावली पडू न्हाई आसं. वाढलं तर वाढलं. अठरा वर्सं झाली, काठीची घुंगरं उपटली आन् काठी चुलीत घातली म्या. ह्या आळीतल्या मानसानं उभ्यानं भाकर घ्यायची न्हाई, आसं ठरलंय. मंग ती भगव्यात आसू द्या न्हाईतर फाटक्यात.”

साळू, मी सात वर्षांचा होतो तेव्हा आबांच्या मागून भाकरीची टोपली मी वाहायचो. आबांच्या काठीचा आवाज पुढं आणि मी मागं. घराघरातल्या शिळ्या भाकरी टोपलीत पडायच्या. वरून टाकायच्या, हात लागू नये म्हणून. शिबिरात पहिल्यांदा पात्र हातात घेतलं तेव्हा मला त्याचं वजन ओळखीचं वाटलं होतं. का ते मंगळवारी कळलं. मी मान वर केली नाही.

भन्तेंनी आबांकडं बघितलं. शिकलेला माणूस, त्यांना काहीही बोलता आलं असतं. ते म्हणाले, “मग आम्हाला बसवा, बाबा.”

“बसवतो की!” आबा म्हणाले. “पाव्हनं म्हून या. घरात या. ताटात जेवा.”

मग तुझी जी धांदल उडाली ती मी बघत होतो. आळीतून ताटं गोळा केलीस. कुणाकडनं वाट्या, कुणाकडनं सतरंजी. भागुबाईचा भात आला, पण आबा म्हणाले भाकरी पाहिजे, गरम. तू चुलीपुढं बसलीस. इकडं वंदना झाली. आबा एकेकाच्या पाया पडत माझ्यापर्यंत आले. मला वाटलं पुढं जातील. ते थांबले, गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं वाकले आणि हळूच म्हणाले, “चिवराला वाकतोय.” मग तू आलीस. जमिनीला डोकं टेकलंस तेव्हा तुझ्या उजव्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग दिसला. जुना, बरा झालेला. गुऱ्हाळावर कामाला जातेस म्हणे, तिथला असेल. चार वर्षांत कधीतरी तुझा हात भाजला, आणि मला ते माहीत नाही. विचारायचीही सोय नव्हती, श्रामणेरानं बोलायचं नसतं. तेव्हा डोक्यात आलं की हा नियम मला नवीन नाही. मी तो दौंडच्या खोलीत सहा वर्षं पाळला. शिबिरात त्याला शील म्हणतात. खोलीत त्याला काय म्हणायचं ते तू आडाच्या नावानं सांगितलंच होतंस.

ताटं वाढून झाली तेव्हा बाराला दोन मिनिटं होती. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, ठेचा, गुळाचा खडा. तू उंबऱ्याशी उभी राहिलीस, हाताला पीठ तसंच. भन्ते आशीर्वादाची गाथा म्हणत होते. ती संपली. बन्सीनं भाकरी मोडली.

घड्याळ माझ्या मांडीवर होतं. खोटं कशाला बोलू, एकदा वाटलं, सांगूच नये. मी सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं, सगळे पोटभर जेवले असते. पण बारा वर्षांत मी एका मिनिटाचं खोटं लिहिलेलं नाही. सगळ्यांचं व्रत माझ्या तोंडावर होतं. मी म्हणालो, “भन्ते, बारा.”

सगळे हात थांबले. बन्सीनं घास ताटात ठेवला, त्याची मान खाली. भन्तेंनी हात जोडले, म्हणाले, हे अन्न आळीत वाटून टाका माय, पुण्य तेवढंच आहे. आणि सगळे उठले. भरल्या ताटांवरून उठले.

तेव्हा मी तुझ्याकडं बघितलं. जयंतीच्या दिवशी मी बघितलं नव्हतं, घड्याळाकडं बघत होतो. त्या दिवशीही तू अशीच उभी राहिली असशील. साळू, माणूस भरल्या ताटावरून उठतो म्हणजे काय करतो, ते मला दहा ताटं एकदम सुटली तेव्हा कळलं. मला एकट्याचं कळायला भन्ते धरून दहा जण लागले.

मी उठलो नाही. मला माहीत होतं मी काय करतोय. तू बघत होतीस, आबा बघत होते, दारातून भन्ते बघत होते. बारा वाजून सात मिनिटांनी मी भाकरी मोडली. सगळी खाल्ली. भाजीत मीठ जरा जास्त पडलं होतं, घाईत दोनदा टाकलं असशील. मी बोललो नाही, पण निदान जेवलो.

टेम्पोत कुणी माझ्याशी बोललं नाही. एकट्या बन्सीनं कानात विचारलं, “मेथी कशी हुती?” तळेगावला गेल्यावर मी भन्तेंपुढं बसून कबूल केलं, मी नियम मोडला. ते म्हणाले, “मोडलेला नियम लहान आहे, पुन्हा शील घेता येतं. नऊ दिवस तू काही मोडलं नाहीस, तेव्हा मी काळजीत होतो. आज पहिल्यांदा तुला भूक लागलेली बघितली.”

मग त्यांनी विचारलं, राहतोस की चीवर ठेवतोस? मी म्हणालो, कागद आलेला नाही. ते हसले. म्हणाले, “कागदाच्या मागं किती दिवस बसणार आहेस?”

मी चीवर घडी करून ठेवलं. पण भिक्खू व्हायचंच नाही, असंही म्हणालो नाही. रजा संपली, दौंडला आलो. डोक्यावर केस खुंटाएवढे आलेत. शेडमधली पोरं विचारतात, कुणाचं दहावं घातलं?

आता विचारायचं ते विचारतो. मला विचारायची सवय नाही, तेव्हा वाकडं झालं तर सांभाळून घे. मी राहूला आलो तर दारातनं परत पाठवशील का? न्यायला येतो असं म्हणायची मला छाती नाही. नुसता येतो. तो हात कसा भाजला ते विचारायचंय.

ज्ञानदेव

राहू, ९ डिसेंबर १९७५

जयभीम.

तुमचं पत्र पोचलं. आबांना समदं वाचून दावलं, मिठाचंबी. आबा म्हनले, बारकाईनं जेवला म्हनायचा.

सोबत तुमचा कागद हाय. उघडून बगा. आबांचा अंगठा सप्टेंबरातलाच हाय. तुमचं पयलं पत्र आलं त्याच दिशी त्येंनी दिला. मी म्हनलं आबा, इचार करा. म्हनले, “ज्येला बायकूला न्यायला याया जमत न्हाई, त्यो भिक्खू झाला काय आन् न्हाई झाला काय. दे अंगठा.” टपालात टाक म्हनले. मी व्हय म्हनलं आन् टाकला न्हाई. पिठाच्या डब्याखाली ठिवला. दोन म्हैने खोटं बोलले त्येंच्याशी. तुमाला वाटत हुतं अडवलंय, ते खरं हाय. मीच अडवलंय.

का ते सांगते. परवानगी दिली आसती तर तुमी ग्येला आसता, आन् वर म्हनला आसता, दोगांनीबी हसत धाडलं. न्हाई दिली तर म्हनला आसता, व्हायचं हुतं पन बायकू आडवी आली. दोन्हीकडनं मीच. तुमचं तुमी कवाच काय ठरवलं न्हाई. ड्यूटी म्हनली उठा, उठला. भन्ते म्हनले बसा, बसला. मला वाटलं ह्या मानसाला घड्याळाबिगर एक तरी गोष्ट ठरवू द्यावी.

मंगळवारी तुमी उठला न्हाई, तवा मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. धूर झाला म्हून न्हवं.

म्हून आज कागदावर माजीबी सई केली. शिक्का उमटावा तशी ठळक केलीय. आता तुमाला भिक्खू व्हायला कुनाची आडकाठी न्हाई. भन्तेंना नेऊन द्या, न्हाईतर तुमच्या वहीत ठिवा. परवानगी न्हवती आसं म्हनायला मातर आता जागा उरली न्हाई. भिक्खू झालात तर मी पाया पडंन, खऱ्या मनानं. त्यो मारग वंगाळ न्हाई. पन ज्येला घरात बोलता आलं न्हाई त्येनं तितं जाऊन गप बसू न्हाई, एवढंच मला वाटतं.

हात काकवीनं भाजला. मागच्या साली, संक्रांतीच्या आधी. कडईतनं उडाली. बाकीचं हितं आल्यावर इचारा, मंग सांगते. पत्रात सांगून टाकलं तर तुमी इचारायचं काय?

यायचं आसंल तर कार्ड धाडू नगा, नुस्तं या. आबांनी ओट्यावर तुमच्यासाटी जागा सारवून घेतलीय, मला म्हनले, सारव, उंदरं झाल्यात. उंदरं कुटं हायत?

बाराच्या आत आलात तर गरम भाकर मिळंल. बारानंतर आलात तरीबी मिळंल.

साळू